कर्लीच्या मुखाशी जागा बदलणारा वाळूचा दांडा आणि आमची खचत चाललेली पुळण

प्रश्न – देवबागची माहेरवाशीण

नमस्कार. माझे माहेर मालवण तालुक्यातील देवबागचे. ज्यांनी गाव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. तारकर्लीपासून दक्षिणेकडे गेलेली ही जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, आणि काही ठिकाणी या पाण्यापासून त्या पाण्यापर्यंत चालत जायला पाच-सात मिनिटे पुरतात. पट्टीच्या दक्षिण टोकाला नदी समुद्राला मिळते. त्या जागेला आम्ही संगम म्हणतो; समोरच्या तीरावर वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे दिसते. संगमाच्या आतल्या बाजूला ओहोटीच्या वेळी वाळूचा एक मोठा उंचवटा उघडा पडतो. पर्यटक त्याला 'त्सुनामी आयलंड' म्हणतात आणि 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने तो वर आला, असे त्यांना सांगितले जाते.

गेल्या मे महिन्यात भावाबरोबर मी त्या उंचवट्यावर बराच वेळ उभी होते. इवल्याशा कुर्ल्यांनी वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून सगळीकडे पसरून ठेवल्या होत्या, एका कडेला सुरय पक्ष्यांचा थवा वाऱ्याकडे तोंड करून बसला होता. भरती सुरू झाली तेव्हा पाणी समुद्राकडून आणि खाडीकडून, दोन्ही बाजूंनी चढत आले आणि मधोमध दोन पातळ लाटा एकमेकींवर आल्या. भाऊ म्हणाला की दोन वर्षांपूर्वी हाच उंचवटा इथून बराच पुढे, मुखाच्या बाजूला होता.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. आमच्या घरासमोरच्या माडांची समुद्राकडची एक रांग गेली आहे आणि दुसऱ्या रांगेतल्या तीन माडांची मुळे उघडी पडून झुपक्यांसारखी लोंबत आहेत. पुळण खचत आहे आणि तिकडे संगमाशी वाळूचा ढीग वाढत आहे. भावाचे म्हणणे असे की ही आपलीच वाळू आहे, ती होड्यांतून परत आणावी आणि घरासमोर टाकावी. त्याचे म्हणणे मला पटत नाही, पण ते खोडून काढण्याइतके ज्ञानही माझ्यापाशी नाही. म्हणून विचारते: हा उंचवटा नेमका काय आहे, तो दरवर्षी का सरकतो, आणि आमच्या पुळणीशी त्याचा खरोखर संबंध आहे का?

उत्तर 1 – निवृत्त भूगोल शिक्षक

आपल्या तिसऱ्या प्रश्नातच सगळ्याचे मूळ आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आपले देवबाग गाव स्वतःच एका वाळूच्या दांड्यावर वसलेले आहे. एका टोकाने जमिनीला चिकटलेली आणि दुसरे टोक पाण्यात मोकळे सोडलेली वाळूची जीभ, असे त्याचे रूप आहे. नकाशा समोर घेऊन पाहा. कर्ली सह्याद्रीतून निघून पश्चिमेकडे येते, कुडाळ तालुक्यातील वालावलवरून पुढे सरकते आणि समुद्र अगदी हाताशी आलेला असताना दक्षिणेकडे वळून काही किलोमीटर किनाऱ्याला समांतर वाहते. नदी आपणहून असा वळसा घेत नाही. तिच्या तोंडावर समुद्राने वाळूचा आडवा बांध घातला आणि तो वाढत गेला, तसतसे तिला तोंड दक्षिणेला सरकवावे लागले. आपल्याच तालुक्यात याचे दुसरे उदाहरण आहे. तोंडवळी-तळाशीलची पट्टी अशीच समुद्र आणि गड नदी यांच्यामध्ये लांब गेलेली आहे आणि तिचेही मोकळे टोक दक्षिणेला, सर्जेकोटच्या दिशेला आहे. दोन्ही जिभा एकाच दिशेला वाढल्या आहेत, त्यावरून या किनाऱ्याने वाळूचा दीर्घकाळचा प्रवास एकंदरीत उत्तरेकडून दक्षिणेकडे झाला असे मानायला चांगला आधार आहे.

हा प्रवास कसा होतो, ते पुळणीवर उभे राहून डोळ्यांनी पाहता येते. लाट किनाऱ्यावर तिरकी चढते आणि उतरताना मात्र उताराने सरळ खाली येते. तिच्याबरोबर वर गेलेला कण मूळ जागी परत येत नाही, तो हातभर बाजूला उतरतो. पुढची लाट त्याला आणखी हातभर नेते. उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येकडून जोराचा वारा सुटतो आणि त्याच्या लाटा वाळूला दक्षिणेकडे ढकलतात, तर पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या लाटा निराळ्या कोनातून येतात. त्यामुळे वाळू वर्षभर पुढे-मागे होत राहते, आणि आपण जो प्रवास म्हणतो तो या येण्याजाण्यातला उरलेला फरक असतो.

दुसरी हालचाल किनाऱ्याला काटकोनात होते आणि तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. जून ते सप्टेंबर या काळात मोठ्या लाटा पुळणीची वाळू ओढून आत नेतात, पण ती नाहीशी होत नाही. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, पाण्याखाली, ती किनाऱ्याला समांतर दांड्याच्या रूपाने साठते. लाट आपल्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीच्या पाण्यात आली की फुटते. या बुडालेल्या दांड्यामुळे मोठ्या लाटा दूरच फुटतात आणि पुळणीवर येईपर्यंत त्यांचे बळ कमी झालेले असते. पाऊस ओसरला, समुद्र शांत झाला की लहान, संथ लाटा हीच वाळू हळूहळू परत आणून ठेवतात. म्हणून श्रावणात पुळण पाहून ती गेली असे म्हणू नये. या वैशाखातली पुळण गेल्या वैशाखातल्या पुळणीशी ताडून पाहावी. तिथेही ती कमीच भरत असेल, तर ती खरी धूप. आपल्या माडांची रांग गेली म्हणजे ही धूप बहुधा खरीच आहे, तरीही माप घेतलेले बरे.

आता संगमावरचा उंचवटा. भरतीचे पाणी अरुंद मुखातून वेगाने आत शिरते आणि आतल्या रुंद खाडीत येताच त्याचा वेग मोडतो. वेग मोडला की जड वाळू आधी खाली बसते आणि हलका चिखल पुढे जातो. आतल्या बाजूचा उंचवटा हे भरतीचे काम आहे. ओहोटीचे पाणी असेच बाहेर पडताना मुखाच्या समुद्राकडच्या अंगाला दुसरा साठा करते, तो बहुतेक वेळा पाण्याखाली राहतो. पावसाळ्यात नदीला पूर आला की ती हे साठे फोडते आणि स्वतःची वाट नव्याने काढते, मग पुढच्या आठ महिन्यांत लाटा आणि भरती-ओहोटी त्या नव्या वाटेच्या हिशेबाने वाळू रचतात. दरवर्षीचा पूर सारखा नसतो, त्यामुळे उंचवट्याची जागाही सारखी राहत नाही.

त्सुनामीविषयी माझे मत असे आहे की एखादी मोठी लाट वाळू इकडची तिकडे करू शकते, परंतु तो ढीग वर्षानुवर्षे टिकवायला रोजचे दोन भरती-ओहोटीचे फेरे लागतात. मुखाशी असे उंचवटे कोकणातल्या इतर खाड्यांतही आहेत आणि त्यांच्यासाठी त्सुनामीची गरज पडलेली नाही. नाव लोकांच्या तोंडी बसले आहे, ते राहू द्यावे. विद्यार्थ्यांना मात्र कारण खरे सांगावे.

शब्दांविषयी थोडे. आमच्या पाठ्यपुस्तकांत पुळण, वाळूचा दांडा आणि खाजण असे तीन शब्द एकत्र येतात आणि दांड्याच्या आड अडकलेल्या उथळ पाण्याला तिथे खाजण म्हणतात. कोकणात मात्र खाजण म्हणजे भरतीचे खारे पाणी शिरते ती सखल, दलदलीची जमीन. विद्यार्थ्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो. दांडा हा शब्द तर गावांच्या आणि वाड्यांच्या नावांत मुरलेला आहे: मुंबईत खार दांडा, मालवणात दांडी. देशावर नदीतल्या वाळूच्या पसाऱ्याला वाळवंट म्हणतात. पंढरपूरला वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात उतरतो तेव्हा तो राजस्थानातल्या वाळवंटाचा विचार करत नसतो. ओहोटीला चालत जाता येते अशी प्रत्येक जागा मात्र वाळूचा दांडा नसते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे आपण ओहोटीत चालत जातो ते मुख्यतः लाटांनी कापून काढलेल्या खडकाच्या सपाटीवरून.

उत्तर 2 – होडीवाला, मालवण

गुरुजींनी शास्त्र नीट सांगितले आहे. रोज त्या मुखातून ये-जा करणाऱ्याच्या बाजूने मी थोडे लिहितो, कारण आमच्यासाठी हा दांडा जिवाचा प्रश्न आहे.

दांडा पाण्याखाली असतो तेव्हा तो दिसत नाही, त्याची खूण तेवढी दिसते. बाकीचे पाणी शांत असताना एका पट्ट्यात लाट उभी राहते आणि पांढरी होते. खाली कमरेएवढेही पाणी नसते. आम्ही मुखाबाहेर थांबून लाटा मोजतो. मोठ्या लाटा सुट्या येत नाहीत, तीन-चार मिळून येतात आणि त्यांच्यामागे थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत आत शिरायचे. तोपर्यंत एकजण नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभा राहून काठीने तळ चाचपत असतो. काठी रुतली तर गाळ, ठक्कन लागली तर वाळू. मागे पंख्यापाशी पाणी चहाच्या रंगाचे झाले की समजावे, होडी टेकायला आली. सर्वांत वाईट वेळ म्हणजे ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडत असते आणि समुद्राची लाट समोरून आत येत असते तेव्हाची. प्रवाह आणि लाट समोरासमोर आले की लाट आखूड आणि उभी होते, आणि चांगला अनुभवी माणूसही त्यात होडी घालत नाही. चढत्या भरतीला शिरावे. होडी टेकलीच तर पुढचे पाणी तिला उचलते. उतरत्या पाण्यात टेकली तर सहा तास तिथेच बसावे लागते.

भरतीची वेळ काढायला आमच्या वडिलांना घड्याळी कोष्टक लागत नव्हते. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे दशमीला साडेसात. ही वेळ मुंबईच्या आसपासची. आपल्याकडे दक्षिणेला भरती त्याच्या सुमारे तासभर आधी येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सर्वांत कमी. उधाणाच्या ओहोटीला दांडा खूप मोठा उघडा पडतो आणि त्याच दिवशी तो सर्वांत लवकर बुडतो, कारण तेवढ्याच सहा तासांत पाण्याला जास्त चढायचे असते. पर्यटकांना आम्ही हे पुन्हा पुन्हा सांगतो. मोठा दांडा पाहून माणसे लांबवर चालत जातात, लहान मुले कडेच्या घळीत उतरतात, आणि घळीतला प्रवाह मोठ्या माणसालाही ओढतो.

समुद्राच्या बाजूलाही हे ध्यानात ठेवावे. बुडालेल्या दांड्याला जिथे खिंड पडलेली असते, तिथून किनाऱ्यावर साचलेले पाणी जोराने परत जाते. ती जागा बाहेरून शांत, काळसर दिसते आणि नवखा माणूस पोहण्यासाठी नेमकी तीच निवडतो. तिथे सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडावे आणि मग वळावे.

आता माझी मागणी. मुखातली एक वाट तरी गाळ काढून मोकळी ठेवलीच पाहिजे. वाळूला हात लावू नका, असे सांगणे काठावर बसलेल्याला सोपे असते. मात्र हे काम दिवसाढवळ्या, मोजमाप करून झाले पाहिजे. हातपाटीने, म्हणजे बुडी मारून हाताने, वाळू काढणारा माणूस श्वासाला बांधलेला असतो, त्याचा खड्डा एका भरतीत बुजतो. रात्री चोरून पंप लावून उपसा होतो तेव्हा तळाला विहिरीसारखा खड्डा पडतो आणि पुढच्या पावसात शेजारचा काठ त्यात कोसळतो. माझ्या ओळखीच्या एका घराची खाडीकडची पायरी अशीच गेली.

उत्तर 3 – पणजीहून

होडीवाल्यांनी लिहिलेले वाचून मांडवीचे मुख आठवले, म्हणून थोडी भर घालतो. आग्वादच्या पायथ्याशी, मांडवीच्या तोंडावर असाच दांडा आहे. पावसाळ्यात त्यावर लाटा इतक्या फुटतात की मोठ्या होड्यांना ते मुख वापरता येत नाही. खनिजाने भरलेल्या बार्जांना त्या महिन्यांत मांडवीतून कुंभारजुव्याच्या कालव्याने झुआरीत उतरवून मुरगाव बंदराकडे न्यायची पद्धत होती. एका बुडालेल्या वाळूच्या पट्ट्यामुळे व्यापाराची वाट दरवर्षी चार महिने बदलत असे. कुंभारजुवे या नावातले जुवे म्हणजे खाडीतले बेट, आणि हा शब्द मालवणकडेही आहेच: कालावलच्या खाडीतला पाणखोल जुवा आणि खोत जुवा. जुव्यावर पिढ्यान्‌पिढ्या घरे आणि माडाच्या बागा असतात, संगमावरचा उंचवटा मात्र रोज दोनदा बुडतो. दोघांनाही 'आयलंड' म्हटले की हा फरक पुसला जातो आणि मग त्या उंचवट्यावर पक्के काहीतरी बांधावे अशी कल्पना कुणाच्या तरी डोक्यात येते.

उत्तर 4 – जलअभियंता, पुणे

बंधूंच्या सूचनेविषयी कुणी थेट लिहिलेले नाही, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. खचलेल्या पुळणीवर वाळू आणून टाकणे हा उपाय जगभर वापरला जातो आणि तो मुळात चुकीचा नाही. आपल्या ठिकाणी तीन अडचणी दिसतात.

पहिली अडचण कणाची. टाकायची वाळू मूळ पुळणीच्या वाळूएवढी किंवा तिच्याहून जाड असावी लागते. खाडीतला साठा अनेकदा बारीक आणि चिखलमिश्रित असतो, आणि समुद्राच्या लाटेसमोर तो एक पावसाळाही टिकत नाही. मूठभर वाळू दोन्हीकडून आणून उन्हात वाळवावी, चहाच्या गाळण्यातून चाळून पाहावी. फरक असेल तर तेवढ्यानेही कळतो. दुसरी अडचण अशी की मुखातून आत येणाऱ्या लाटांचे बळ तो उंचवटा खातो. तो काढला तर त्या लाटा आपल्याच गावाच्या खाडीकडच्या काठावर पोहोचतील. समोरचे अंगण राखायला जाऊन मागचे परसू गमवायची वेळ येऊ शकते, आणि देवबागसारख्या चिंचोळ्या गावात दोन्हींमधले अंतर किती आहे ते आपणच लिहिले आहे. तिसरी अडचण प्रमाणाची. पुळण उत्तरेकडून येणाऱ्या वाळूवर जगते. वरची आवक कमी झाली असेल तर होडीभर वाळू टाकून तूट भरून निघणार नाही. नद्यांवरची धरणे आणि बंधारे वाळू अडवतात, खाड्यांतून उपसा होतो, आणि किनाऱ्यावर घातलेला दगडी धूपप्रतिबंधक बंधारा आपल्या मागची जागा वाचवतो, पण आदळलेल्या लाटेच्या जोराने समोरची पुळण उकरतो आणि आपल्या टोकापलीकडच्या शेजाऱ्याची धूप वाढवतो. बंधारा घालूच नये असे मी म्हणणार नाही. घर दहा पावलांवर आले असेल तर माणूस दगडच मागणार, आणि त्याचे चुकत नाही. फक्त बंधाऱ्याने पुळण परत येईल ही अपेक्षा ठेवू नये.

होडीवाल्यांच्या मागणीला माझा पाठिंबा आहे, एका अटीवर: काढलेली वाळू विकली न जाता, कण जुळत असतील तर, खचलेल्या पुळणीच्या उत्तरेच्या बाजूला पडली पाहिजे, म्हणजे लाटा ती स्वतःच पुढे वाहून नेतील. मुखाला हात लावून चांगला परिणाम झाल्याचे मोठे उदाहरण ओडिशातील चिलिका सरोवराचे आहे. तिथे समुद्राकडची वाट गाळाने आणि वाळूने कोंडली, पाण्यातला खारेपणा उतरला आणि मासळी घटली. अभ्यास आणि प्रतिकृतींवरचे प्रयोग करून सप्टेंबर 2000 मध्ये वाळूच्या पट्टीतून नवे मुख उघडण्यात आले, त्यामुळे पाण्याची समुद्रापर्यंतची वाट सुमारे 18 किलोमीटरने कमी झाली. त्या अभ्यासात आपल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचा सहभाग होता. मासळी वाढली, आणि रामसर करारातील धोक्यातल्या पाणथळींच्या यादीतून चिलिकाचे नाव 2002 मध्ये वगळले गेले. मुख तिथेच स्थिर मात्र राहिले नाही. पुढेही ते सरकत राहिले आणि दुसरी मुखेही फुटली.

घराच्या पातळीवर करता येईल असे एक काम आहे. पुळणीच्या वरच्या अंगाला वाऱ्याने वाळूचे लहान उंचवटे होतात आणि त्यांवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरते. तिच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात, ती उडणारी वाळू धरतात आणि उंचवटा वेलीबरोबर वर चढत जातो. पावसाळ्यात लाट आली की हाच साठा आधी खर्ची पडतो, माड नंतर. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेत वाळूच्या टेकड्यांना सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात ठेवले आहे. पर्यटकांना समुद्र दिसावा म्हणून कुणी ही वेल उपटत असेल, त्यावर खुर्च्या मांडत असेल किंवा तो उंचवटा सपाट करत असेल, तर ते आधी थांबवावे.

देवबागची माहेरवाशीण

सर्वांचे मनापासून आभार. अभियंता महोदयांचे शेवटचे वाक्य वाचून मी काही वेळ गप्प बसले, कारण ती वेल आम्हीच काढली होती. चार वर्षांपूर्वी घरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या सुरू केल्या, तेव्हा समोरचा उंचवटा फावड्याने सपाट केला आणि वेल ओढून जाळली. वाळू वाऱ्याने घरात येऊ लागली, त्याचाही दोष आम्ही वाऱ्यालाच दिला.

भावाला सगळे वाचून दाखवले. आमचे ठरले ते असे. संगमावरची वाळू आणायची नाही. घरापासून उत्तरेला अजून वेल शिल्लक आहे, तिचे पेरांसकट तुकडे आणून पहिला पाऊस पडल्यावर लावायचे आणि खुर्च्या माडांच्या आत घ्यायच्या. शेजारच्या दोन घरांनाही विचारले आहे, त्यांपैकी एकाने होकार दिला. समुद्राकडच्या उरलेल्या रांगेतल्या माडाच्या बुंध्यापासून उधाणाच्या ओल्या रेषेपर्यंतचे अंतर दर वैशाख पौर्णिमेला मोजायचे आणि वहीत लिहून ठेवायचे.

होडीवाला, मालवण

माप माडापासून घेऊ नका. मुळे उघडी पडली की माड कलतो, आणि पुढच्या वर्षी तो उभा असेलच असे नाही. घरामागच्या विहिरीच्या कठड्यापासून घ्या. दोरीला दर हातावर गाठ मारा, ओली झाली की दोरीची लांबी बदलते, म्हणून कोरडीच घ्या. मापाच्या दिवशी वारा कुठून होता, तेही बाजूला लिहा.